किनारपट्टीच्या दमट हवेत रोल घरी धुणे कितपत जमेल?

सडा आणि सावली (देवगड) यांचा प्रश्न:

देवगड ते मालवण या पट्ट्यातले आम्ही काही हौशी छायाचित्रकार अधूनमधून जमतो, एकमेकांची छायाचित्रे पाहतो आणि त्यांवर मोकळेपणाने बोलतो. अलीकडे आमच्यापैकी काहींनी घरातले जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करून घेतले असून कृष्णधवल रोल वापरायला सुरुवात केली आहे. विषय आसपासचेच आहेत: बंदरावरचा मासळीचा लिलाव, सड्यावरची कातळशिल्पे, जत्रेतले दशावतारी. रोल धुण्यासाठी कुरिअरने मोठ्या शहरात पाठवावे लागतात आणि निगेटिव्ह परत येईपर्यंत कोणते चित्र कोणत्या शटर-अ‍ॅपर्चरला घेतले होते, हेच आठवेनासे होते. म्हणून ते घरीच धुवावेत असे वाटते. अडचण अशी की, माहितीपत्रकांत डेव्हलपरचे (फिल्मवरचे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचे) तापमान 20 अंश सेल्सिअस दिलेले असते आणि मे महिन्यात आमच्या टाकीतले पाणी 30 अंशांच्या आसपास असते. शिवाय आमच्यातल्या एकाला कॉफीचा डेव्हलपर करून पाहायचा आहे आणि त्यानंतर स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे आंबट द्रावण) म्हणून कोकमाचे आगळ वापरता येईल असे त्याचे ठाम मत आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

खाडीपलीकडे (रत्नागिरी):

20 अंश ही सोयीची संख्या आहे, सक्ती नव्हे. पाणी ओढूनताणून 20 अंशांवर आणण्यापेक्षा ते 24 अंशांवर स्थिर ठेवावे आणि वेळ कमी करावा. उदाहरणार्थ, एचपी5 प्लस ही फिल्म आयडी-11 या डेव्हलपरमध्ये एकास एक पाणी घालून धुतल्यास 20 अंशांना 13 मिनिटे लागतात. 24 अंशांना तेच काम साधारण 9 मिनिटांत होते. मूळ द्रावण पाणी न घालता वापरल्यास 20 अंशांनाच साडेसात मिनिटे पुरतात, म्हणजे आपल्याकडच्या उकाड्यात ती चारच्या खाली येतील. आणि पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही, आकाशात पट्टे दिसू लागतात. तेव्हा कोकणात डेव्हलपर पातळ करूनच वापरावा. याला अपवाद दशावताराच्या रोलचा. रात्रीच्या उजेडात हीच 400 आयएसओची फिल्म 1600 आयएसओ धरून वापरली तर मूळ द्रावणातही 20 अंशांना 14 मिनिटे द्यावी लागतात, त्यामुळे पाणी थोडे कोमट असले तरी हाताशी वेळ उरतो.

पाणी गार करण्यासाठी घाटावरचे लोक माठ सुचवतात. तो सल्ला आपल्या उपयोगाचा नाही, कारण माठातले पाणी बाष्पीभवनाने गार होते आणि आपल्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की माठाला फारसे काही करता येत नाही. त्यापेक्षा टबात पाणी घेऊन त्यात डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्के करणारे द्रावण) आणि धुण्याचे पाणी अशा सगळ्या बाटल्या एकत्र उभ्या कराव्यात आणि बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून टबात सोडावा. सगळ्या बाटल्या एकाच तापमानाला आल्या पाहिजेत, हा यातला खरा मुद्दा. डेव्हलपर 22 अंशांना आणि धुण्याचे पाणी 31 अंशांना असेल, तर फिल्मवरच्या मऊ झालेल्या जिलेटिनच्या थराला बारीक सुरकुत्या पडण्याचा धोका असतो.

विहिरीचे पाणी फिल्म धुवायला चालते, परंतु शेवटची विसळणी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये वेटिंग एजंटचा (पाणी थेंब न धरता सरकन निथळावे म्हणून घालायच्या द्रवाचा) थेंब टाकून करावी, म्हणजे वाळल्यावर क्षारांचे डाग राहत नाहीत. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, पण हवेत धूळ कमी असते, ही जमेची बाजू. मात्र पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी गोळा होते, त्या दिवसांत ओली फिल्म दिव्याजवळ टांगू नये.

जुनी काच (वेंगुर्ला):

वरील उत्तराशी सहमत आहे. तरीही माझ्या मते आपल्याकडे तापमानापेक्षा ओल अधिक नुकसान करते. सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशीचे जाळे धरते, आणि आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ती त्याहून पुष्कळ वर असते. जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेली चामडी पेटी दिसायला देखणी असली तरी ती ओल धरून ठेवते, तेव्हा कॅमेरा तीत ठेवूच नये. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढे पुरेसे आहे. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. न वापरलेले रोल डबीसकट फ्रिजमध्ये ठेवावेत आणि बाहेर काढल्यावर काही तास डबी उघडू नये, अन्यथा थंड फिल्मवर दव धरते. वापरलेला रोल मात्र लवकर धुवावा.

कातळशिल्पांबद्दल एक सूचना. कोरीव रेषा उथळ असल्याने सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन असतानाच त्या उठून दिसतात. आकाश गडद यावे म्हणून अनेक जण लाल फिल्टर लावतात, परंतु जांभा स्वतःच तांबूस असल्यामुळे लाल फिल्टरने तो फिकट येतो. पिवळा किंवा हिरवा फिल्टर लावून तुलना करावी.

सोडा आणि कॉफी (चिपळूण):

कॉफीच्या डेव्हलपरला कॅफेनॉल म्हणतात. अमेरिकेतील रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये 1995 साली तो पुढे आला. एक लिटर पाण्यात धुण्याचा निर्जल सोडा 54 ग्रॅम, क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड 16 ग्रॅम आणि इन्स्टंट कॉफी 40 ग्रॅम, याच क्रमाने विरघळवून 20 अंशांना सुमारे 15 मिनिटे, अशी त्याची प्रचलित कृती आहे. चिकोरी नसलेली स्वस्तातली कॉफी घ्यावी. खाण्याचा सोडा चालत नाही, कारण त्याने द्रावण पुरेसे अल्कधर्मी होत नाही. स्फटिकांचा सोडा मिळाला तर त्यात पाणी असल्याने तो सुमारे पावणेतीनपट घ्यावा लागतो. 400 आयएसओच्या फिल्मवर धूसरपणा येऊ नये म्हणून लिटरला एक ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घालतात. वासाबद्दल घरच्यांना आधी कल्पना द्यावी, हे बरे.

आगळाचा विचार मात्र सोडावा. आगळ आंबट असते हे खरे, पण सोड्याच्या द्रावणातून निघालेली फिल्म थेट आंबट द्रावणात गेली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात आणि ते जिलेटिनच्या थराला इजा करू शकतात. त्याखेरीज आगळात मीठ आणि रंग असतो. कॅफेनॉलनंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा विसळून फिक्सर घालावा. आगळ सोलकढीत घालावे.

सडा आणि सावली (देवगड):

सर्वांचे आभार. बर्फाची पिशवी आणि एकास एक डेव्हलपर यांपासून सुरुवात करू. कॉफी त्यानंतर, तीही चाचणीच्या रोलवर. छायाचित्रे एकमेकांना दाखवताना प्रत्येकाखाली फिल्म, डेव्हलपर, पाण्याचे तापमान आणि वेळ लिहायचे ठरवले आहे. स्कॅन करताना कॉन्ट्रास्ट वाढवावा की निगेटिव्ह आहे तसे दाखवावे, यावर आमच्यात मतभेद आहेत.

खाडीपलीकडे (रत्नागिरी):

धुलाईची तुलना करायची असेल तर सर्वांनी एकाच सेटिंगवर, कोणतीही आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवून स्कॅन करावे. नाहीतर स्कॅनर कच्ची आणि जादा धुतलेली निगेटिव्ह दोन्ही सारखीच करून दाखवतो. चित्र म्हणून दाखवायचे असेल तेव्हा हवा तेवढा कॉन्ट्रास्ट वाढवावा.