नायट्रोजन घालूनही ग्राफीन पी-प्रकारचेच का दिसते?

मालवणकिनारा (प्रश्न)

नमस्कार. सिंधुदुर्गातील एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ग्राफीन ऑक्साइड (ग्राफीन म्हणजे कार्बनचा एक अणू जाडीचा थर; हे त्याचे ऑक्सिजनयुक्त रूप) आणि युरिया एकत्र करून आरगॉन वायूच्या प्रवाहात ८०० अंश सेल्सियसला तापवले. मिळालेल्या काळ्या भुकटीचा पातळ थर काचपट्टीवर वाळवला, दोन्ही टोकांना चांदीची पेस्ट लावली आणि तापलेल्या सोल्डरिंग गनच्या टोकाने तप्त-अग्र चाचणी (एक टोक तापवून विद्युतदाबाच्या चिन्हावरून पदार्थाचा प्रकार ओळखणे) घेतली. मल्टिमीटरची धन तार तप्त टोकाला जोडलेली असताना आकडा दर वेळी ऋण येतो, म्हणजे विद्युतभार वाहणारे होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या, धनभारित जागा) आहेत आणि पदार्थ पी-प्रकारचा आहे. बाहेरून करून आणलेल्या एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटाच्या अहवालात मात्र सुमारे ५ टक्के नायट्रोजन स्पष्ट दिसतो. नायट्रोजनकडे कार्बनपेक्षा एक संयुजा इलेक्ट्रॉन जास्त असल्यामुळे पदार्थ एन-प्रकारचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी विद्युतभार वाहणारा, व्हायला हवा, असेच आम्हाला शिकवलेले आहे. शिवाय श्रावण लागल्यापासून त्याच पट्टीचा रोध रोज वेगळा भरतो. युरिया वाढवावा का?

भाट्येखाडी

युरिया वाढवू नका. आधी अहवालातील ५ टक्के हा आकडा बाजूला ठेवून वर्णपटातील नायट्रोजनच्या शिखराची फोड (ते कोणत्या लहान शिखरांचे बनले आहे) पाहा, कारण नायट्रोजन किती आहे यापेक्षा तो जाळीत कोणत्या जागी बसला आहे यावर सारे अवलंबून आहे.

नायट्रोजनने षट्कोनी जाळीतील कार्बनची जागा नेमकी घेतली आणि तो तीन कार्बन अणूंशी जोडला गेला, तर तीन इलेक्ट्रॉन बंधांत जातात, चौथा कार्बनप्रमाणेच पाय-प्रणालीत (थरभर फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांत) जातो आणि पाचवा उरतो. त्याचा काही भाग, गणितांनुसार साधारण अर्धा इलेक्ट्रॉन, थराला मिळतो. हा ग्राफिटिक नायट्रोजन. त्याचे शिखर ४०१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येते. कडेला किंवा पोकळीच्या काठावर दोनच कार्बनना धरून बसलेल्या पिरिडिनिक नायट्रोजनची (३९८.५ च्या आसपास) इलेक्ट्रॉनजोडी थराच्या प्रतलातच पडून राहते आणि पाय-प्रणालीच्या उपयोगी पडत नाही. उलट शेजारची पोकळी इलेक्ट्रॉन ओढून घेते, त्यामुळे असा नायट्रोजन पदार्थाला पी-प्रकाराकडेच झुकवतो. पंचकोनी वलयातला पायरोलिक नायट्रोजन (४०० च्या आसपास) हाही दोषाच्या जागीच बसतो आणि त्याच्याकडूनही थराला जास्तीचे इलेक्ट्रॉन मिळण्याची आशा ठेवू नये. तापमान वाढवले तर सहसा ग्राफिटिक वाटा वाढतो, पण एकूण नायट्रोजन घटतो.

अगदी थोडा ग्राफिटिक नायट्रोजनही पुरेसा असतो. ग्राफीनच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे ३.८ × १०^१५ कार्बन अणू असतात. त्यांतले १ टक्का जरी ग्राफिटिक नायट्रोजनने बदलले आणि प्रत्येकाने अर्धा इलेक्ट्रॉन दिला, तरी १.९ × १०^१३ इलेक्ट्रॉन मिळतात. डिराक बिंदूपाशी (भरलेला आणि रिकामा ऊर्जापट्टा जिथे भेटतात तिथे) इलेक्ट्रॉनांसाठीच्या अवस्थांची घनता जवळजवळ शून्य असल्यामुळे एवढ्यानेच आदर्श ग्राफीनची फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरलेले असतात ती ऊर्जा) अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टने वर सरकते. तुमची भुकटी आदर्श ग्राफीन नाही, हे अर्थातच लक्षात ठेवावे.

जुना_भौतिकवाला

वरील उत्तर रसायनाच्या बाजूने योग्य आहे, परंतु श्रावणातल्या रोधाचे कोडे त्याने सुटत नाही. ग्राफीनचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो, त्यामुळे बाहेरून येऊन चिकटलेला रेणूसुद्धा डोपिंगच (इलेक्ट्रॉन देणे वा काढून घेणे) करतो, आणि हवेतला ऑक्सिजन व पाण्याची वाफ मिळून ग्राफीनमधून इलेक्ट्रॉन काढून घेतात. बर्कली येथील झेटल यांच्या गटाने २००० साली दाखवले की कार्बन नॅनोनलिकांच्या (ग्राफीन गुंडाळल्यासारख्या सूक्ष्म नळ्यांच्या) औष्णिक विद्युतदाबाचे चिन्ह ऑक्सिजनमध्ये धन (होल) आणि निर्वातात ऋण (इलेक्ट्रॉन) असते. म्हणजे पदार्थ तोच असूनही भोवतालच्या वायूनुसार त्याचा प्रकार बदललेला दिसतो. (पुढे इतरांनी असेही दाखवले की ट्रान्झिस्टरमध्ये ऑक्सिजनचा मोठा परिणाम धातू आणि नलिका यांच्या जोडावर होतो, म्हणून तुमची चांदीची पेस्टही संशयातून सुटत नाही.) ज्या हवेत बरणीबाहेर राहिलेल्या मिठाला दुपारपर्यंत पाणी सुटते, त्या हवेत काचपट्टी उघडी ठेवून घेतलेला आकडा हा पदार्थाइतकाच त्या दिवसाच्या हवेचाही असतो.

डेसिकेटरमधील (नमुना कोरडा ठेवण्याच्या भांड्यातील) सिलिका जेल निळे आहे की गुलाबी झाले आहे, हे रोज पाहावे. ते निळे असले तरी त्याने फक्त पाणी जाते, ऑक्सिजन राहतोच. पट्टी निर्वातात १५० ते २०० अंशांना काही तास तापवून, झाकण न उघडता आतच मोजणी करता आली, तर नायट्रोजनचे स्वतःचे म्हणणे काय आहे ते कळेल.

मालवणकिनारा

आपणा दोघांचे आभार. अहवाल पुन्हा पाहिला. सर्वांत मोठे शिखर ३९८ च्या पुढेच आहे आणि ४०१ जवळ केवळ खांदा दिसतो. आमच्याकडे साधा रोटरी पंप आहे, तेवढ्यावर निर्वातातील चाचणी करून पाहीन. परंतु हवेत टिकणारा एन-प्रकार मिळवण्याचा दुसरा मार्ग आहे का? आणि रामन वर्णपटावरून (लेसर प्रकाशाच्या विकिरणातून मिळणाऱ्या वर्णपटावरून) प्रकार ठरवता येईल का?

गुहागर_प्रयोगशाळा

मार्ग आहे. पॉलिएथिलिनइमाइन या बहुलकात अमाइन गट भरपूर असतात आणि ते इलेक्ट्रॉन देतात. त्याचा लेप देऊन स्टॅनफर्डच्या गटाने २००१ मध्ये हवेतही एन-प्रकारच्या राहणाऱ्या नॅनोनलिका दाखवल्या. मात्र हे बहुलक आर्द्रता शोषते, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर लेप देऊन लगेच पट्टी बंद करणे आवश्यक आहे. पोटॅशियम याहून कितीतरी जोरदार इलेक्ट्रॉनदाता आहे, परंतु हवेत आणि पाण्यात ते पेट घेते; ग्लोव्हबॉक्स (निष्क्रिय वायूने भरलेली बंद पेटी) नसेल तर त्याचा विचारही करू नये.

रामनविषयी सांगायचे तर, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अजय सूद आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलेली खूण अशी आहे की इलेक्ट्रॉन असोत वा होल, वर्णपटातील जी-पट्टा (सुमारे १५८० प्रतिसेंटिमीटर) वरच, म्हणजे मोठ्या आकड्याकडे, सरकतो, मात्र २डी-पट्टा होलांमुळे वर आणि जास्त इलेक्ट्रॉनांमुळे खाली जातो. पण ते काम एकथरी, स्वच्छ ग्राफीनवरचे होते. तुमच्या भुकटीत २डी-पट्टा पसरट आणि दबलेला असणार, शिवाय ताणामुळेही पट्टे सरकतात, म्हणून त्यावर निष्कर्ष बेतू नये.

भाट्येखाडी

एक सूचना राहिली. प्रबंधात या पदार्थाला 'एन-प्रकारचे ग्राफीन' न म्हणता 'नायट्रोजनयुक्त रिड्यूस्ड (ऑक्सिजन बराचसा काढलेले) ग्राफीन ऑक्साइड' म्हणावे, आणि युरियाशिवाय त्याच ८०० अंशांना तापवलेला नमुना शेजारी ठेवून प्रत्येक मोजणी दोन्हींवर एकाच दिवशी घ्यावी. विद्युतगुणांत हाती फारसे लागले नाही, तर तेच नमुने क्षारीय द्रावणात ऑक्सिजन क्षपणासाठी (ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळण्याच्या क्रियेचे उत्प्रेरक म्हणून) तपासावेत. २००९ साली लिमिंग दाई यांच्या गटाने नायट्रोजनयुक्त नॅनोनलिका या क्रियेत प्लॅटिनमपेक्षा सरस ठरल्याचे दाखवले होते, आणि तुमच्या अहवालात जे शिखर सर्वांत मोठे आहे त्या पिरिडिनिक जागांना या क्रियेचे श्रेय अनेक संशोधक देतात.