मदत हवी आहे: गेटवेला जुन्या आयएनआयसोबत टॉमल फाईल पण चालवायचीय

मंडळी नमस्कार, सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं छोटं ऑफिस आहे, हळदीचे भाव एसएमएसने पाठवायला पायथनमध्ये एक गेटवे लिहिलाय, त्याची सगळी सेटिंग आजवर आयएनआय फाईलमध्ये (सेक्शन पाडून लिहायची साधी सेटिंग फाईल) होती. आता प्रत्येक अडत्याचा वेगळा रूट, रिट्राय, टाइमआउट असं एकात एक यायला लागलंय आणि तिथं सेक्शनच्या आत सेक्शन बसत नाही.

आधी यामल (सेटिंग लिहायचा दुसरा एक फॉरमॅट) घातलं. लय मजा झाली राव, सांगलीचा एसटीडी कोड 0233 टाकला तर पायवाययामलने (यामल वाचणारी पायथन लायब्ररी) तो ऑक्टल, म्हणजे आठच्या पायावरचा आकडा धरून 155 केला! कोट्समध्ये लिहायला पाहिजे होतं हे मान्य, पण रात्री अकराला फाईल बदलणारा पोरगा कोट्स विसरणारच ना. जेसन फॉरमॅटमध्ये कॉमेंट चालत नाही, ते बाद. टॉमल हे फॉरमॅट बरं वाटतंय, पुढं शून्य लावलेला आकडा ते सरळ एरर देऊन नाकारतं, आणि पायथन 3.11 पासून ते वाचणारं टॉमलिब सोबतच येतं.

अडचण अशी की कॉन्फिगपार्सर (आयएनआय वाचणारं पायथनचं मॉड्यूल) सगळं स्ट्रिंगमध्ये, म्हणजे नुसता मजकूर म्हणून देतं आणि टॉमल खरे इंटिजर (पूर्णांक), बूलियन (खरं/खोटं) देतं, त्यामुळं जुना कोड जागोजागी फुटतोय. दोन्ही लोडर एकाच डिक्शनरीत ओतून टाइप तिथंच तपासू का? दोन्ही फाइली सापडल्या तर कुठली धरायची, की सर्व्हर चालूच होऊ द्यायचा नाही? (मला दुसरं पटतंय, साहेबांना नाही.) शिवाय टॉमलिब फक्त वाचतं, लिहीत नाही. पॅनेलमधून सेव्ह करताना कॉमेंट टिकवायला टॉमलकिट ही लायब्ररी कुणी वापरलीय का?