प्रवाळ-लागवडीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या पोरांनी मलप्रभा पाहिलीय, समुद्र नाही. तमिळनाडूजवळ मन्नारच्या आखातात प्रवाळाचे तुकडे काँक्रीटच्या चौकटींवर बांधून लावतात, असं सांगितलं तर एकजण म्हणाला, "बाई, उसाची कांडी लावतो तसंच की!" अगदी बरोबर ओळखलं त्यानं.

पण पुढं अडले. फांद्यांचं प्रवाळ झपाट्यानं वाढतं, गोट्यासारखं पोराइटिस जातीचं प्रवाळ वर्षाला जेमतेम १ सेंमी. मग लावायला काय निवडतात? आणि १९९८, २०१६ सारखं समुद्राचं पाणी तापलं तर लावलेलंही पांढरं पडणार ना?

मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला कुणी हे काम जवळून पाहिलंय का? पाण्याखालचे फोटो मिळाले तर पोरांना दाखवीन.