मदत हवी आहे: कळंब्यातली बदकं रात्री जातात कुठे? रेडिओ टॅग लावावा की सॅटेलाइट?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण हिवाळ्यात कोल्हापुरातल्या कळंबा, रंकाळा आणि राजाराम तलावावर पक्षी मोजतो. हळदी-कुंकू बदकं दिवसभर पाण्यावर असतात आणि अंधार पडता पडता उठून जातात. पंचगंगेकाठच्या ओल्या शेतांत, दुसऱ्या तळ्यावर, की आणखी लांब? अंधारात दुर्बिणीचा उपयोग नाही. पण हे कळायलाच हवं, कारण चरायची जागा गेली तर नुसता तलाव राखून काय होणार?

रेडिओ टॅग (पक्ष्याच्या अंगावर बसवायचं, सिग्नल देणारं छोटं यंत्र) स्वस्त आणि हलका, पण सिग्नलची दिशा दाखवणारा यागी अँटेना घेऊन रात्रभर आपणच मागे फिरायचं. दोन ठिकाणांहून दिशा घेतली की रेषा छेदतात तिथे पक्षी. हे सिग्नल सरळ रेषेत जातात, म्हणून जोतिबाच्या डोंगरावरून ऐकलं तर पल्ला वाढेल असं वाटतं. उभ्या उसात बदक उतरलं तर सिग्नल कितपत मिळतो? कुणी प्रत्यक्ष ऐकलंय का?

दुसरा मार्ग जीपीएस-जीएसएम टॅगचा. तो जागा टिपून मोबाईल नेटवर्कवरून पाठवतो, रेंज नसेल तर साठवून ठेवतो. इथल्या बदकांना हाच बरा वाटतो. हिमालय ओलांडणाऱ्यांसाठी मात्र उपग्रहाशी बोलणारा टॅग लागतो. पट्टकदंब हंस ७,२९० मीटरपर्यंत चढतात आणि तरी बहुतेक प्रवास ६,००० मीटरच्या खालूनच करतात, हे अशाच टॅगमुळे कळलं.

खरी काळजी टॅगच्या वजनाची आणि तो पाठीवर बांधायच्या पट्ट्याची आहे. टॅग पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत असावा असं मानतात. हळदी-कुंकू किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ३० ग्रॅम चालतील. भुवई बदक जेमतेम ३५० ग्रॅमचं, तिथे १० ग्रॅमवरच थांबावं लागेल. शिवाय बदकं सतत पिसं साफ करतात. पाठीवरच्या पट्ट्याखाली पिसं झिजून आत पाणी शिरतं का? टॅगवरचा सोलर पॅनेल पिसांखाली झाकला जातो का? पक्ष्याला त्रास होणार असेल तर आम्हाला टॅग नकोच, पायात घालायच्या ओळखीच्या कड्यांवर भागवू.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार परवानगीशिवाय पक्षी पकडता येत नाही, आणि आम्ही पकडणारही नाही. अर्ज विद्यापीठाच्या विभागामार्फत करावा की प्रशिक्षित कडी लावणाऱ्यांना सोबत घेऊन? पाणपक्ष्यांवर टॅग लावण्याचं काम जवळून पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. मोजणीच्या आमच्या नोंदी हव्या असतील तर आनंदाने देऊ.