'लेफ्ट फॉर गुड' म्हणजे भल्यासाठी गेला?

– एका कथेचं भाषांतर करतेय. 'ही लेफ्ट फॉर गुड' या वाक्याचं मी 'तो भल्यासाठी गेला' असं केलं, पण पुढच्या मजकुराशी जुळत नाही. हे 'गुड' नेमकं कुठलं?

– इथे भल्याबुऱ्याचा संबंधच नाही. तो गेला, आता परत यायचा नाही, एवढंच. पूर्ण रूप 'फॉर गुड अँड ऑल', सोळाव्या शतकापासूनचं. पुढे शेपूट गळलं. आपण 'चांगलं तासभर ताटकळत ठेवलं' म्हणतो, त्यातल्या 'चांगलं'ची आठवण ठेवा. (ही व्युत्पत्ती नव्हे, फक्त लक्षात ठेवायची युक्ती.) तिथे तरी कुणाचं चांगलं झालेलं असतं?

आणि हा प्रयोग जाण्यापुरताच नाही. सिगारेट 'फॉर गुड' सुटते, कारखाना 'फॉर गुड' बंद पडतो, इतकंच काय, माणूस 'फॉर गुड' परतही येतो, म्हणजे आता इथेच राहणार. काहीतरी बदललं आणि तो बदल पक्का, असं असलं की हा शब्द बसतो. म्हणूनच 'आय विल लव्ह यू'पुढे 'फॉरेव्हर' येतं, 'फॉर गुड' नाही. मध्ये 'द' घुसून 'फॉर द गुड ऑफ' झालं, तर मात्र तुमचं 'भल्यासाठी' बरोबर.

– मग 'तो कायमचा गेला'?

– नको! वाचणारा हळहळेल. मराठीत कायमचा गेलेला माणूस वारलेला असतो. काय सोडलं ते सांगा: 'त्याने घर कायमचं सोडलं.' आणि नुसतं 'कायम' नको; 'तो कायम जातो' म्हणजे नेहमी जातो.

– 'गाशा गुंडाळला' कसं वाटतं?

– मला नाही पटत. गाशा गुंडाळण्यात नाइलाज असतो, धंदा बुडाल्यासारखं वाटतं. 'रामराम ठोकला' नोकरीला, पक्षाला शोभतं. तुमचं इंग्रजी वाक्य तसं कोरडं आहे.

– 'गेला तो गेलाच'?

– झकास मराठी आहे, पण ते मागे राहिलेल्याने, वाट पाहून झाल्यावर म्हणायचं. कथेत पुढे काय आहे?

– पुढच्याच ओळीत तो किल्ली टेबलावर ठेवून दार ओढून घेतो.

– मग तो अजून उंबऱ्यातच आहे. 'परत यायचं नाही असं ठरवूनच तो निघाला' लिहा.