छपरावरचा जुना अँटेना अजून चालेल का?

पेडणेकर_०७: केबलवाल्याने परत पैसे वाढवलेत. आईला फक्त सह्याद्री नि बातम्या बघायच्या असतात. वडिलांच्या वेळचा काड्यांचा अँटेना छपरावर आहे, तो नव्या एलईडीला जोडला, सर्च केलं, एकही चॅनल नाही. वायर खराब असेल का?

माडाखाली: वायर बरी असली तरी काय येणार नाय रे, दूरदर्शनचे ते अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले. डीडी फ्री डिश बसव, छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याला काय नाय. सह्याद्री येतं. छत्री जीसॅट-१५ उपग्रहाकडे म्हणजे ९३.५ अंश पूर्व, आपल्याकडून आग्नेयेला आणि बरीच वर. मध्ये माड नको! माझ्याकडे वारा सुटला की झावळी आडवी यायची आणि चित्राचे चौकोन, शेवटी छत्री गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली.

सासष्टीकर: बॉक्समध्ये फ्रीक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाक आणि सिग्नल क्वालिटी बघत छत्री अगदी हळू हलव. समुद्राजवळ असशील तर नटबोल्टला ग्रीस लाव, खारं वारं वर्षभरात गंज चढवतं.

पेडणेकर_०७: आणि पावसात?

माडाखाली: जोराच्या सरीत जातं, सर ओसरली की येतं. आईला सांगून ठेव :)