सप्तमात शनि-चंद्र युती : शांती करावी का? पत्रिका कशी वाचावी?

रातराणी
नमस्कार मंडळी. पत्रिका माझीच आहे. मिथुन लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास मिथुन. सप्तमात, म्हणजे जोडीदाराच्या सातव्या स्थानात, धनु राशीत शनि १४ अंश, चंद्र साडेसतरा अंश. लग्नात, म्हणजे पहिल्या स्थानात, गुरु १६ अंश. जन्म १९८९च्या नवरात्रातला, रात्री बाराच्या सुमारास.
लग्नाला आठ वर्षं झाली, संसार छान चाललाय. परवा वास्तुशांतीचा मुहूर्त काढायला सासूबाईंनी आमच्या दोघांच्या पत्रिका एका गुरुजींना दाखवल्या. त्यांनी माझी पत्रिका पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हिचं लग्न टिकलंय का?" मी समोरच चहाचा ट्रे घेऊन उभी! विषयोग (शनि-चंद्र युती) आहे, आधी त्याची शांती करा, मग मुहूर्त देतो म्हणाले. तेव्हापासून घरात कुजबुज सुरू आहे. ही युती खरंच एवढी वाईट धरायची का? आणि ती नीट वाचायची कशी? राशी, भाव, स्वामी इथपर्यंत मला कळतं.

पंचमेश
कृष्णमूर्ती पद्धतीचे ज्योतिषी याला पुनर्फू म्हणतात. ठरलेलं मोडणं, लांबणं, पुन्हा जुळणं. तसं काही झालं होतं का? शिवाय दोघांत साडेतीनच अंश आहेत, म्हणजे ग्रहयुद्धाच्या (दोन ग्रह अगदी जवळ येऊन भिडण्याच्या) जवळच.

रातराणी
एक स्थळ साखरपुड्याच्या आधी फिसकटलं होतं. पण तसं कुणाचं होत नाही?

चलित_कुंडली
पंचमेश, ग्रहयुद्ध इथे लागूच होत नाही. ते मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि या पाचांतच धरतात आणि तेही साधारण एका अंशाच्या आत. चंद्राला त्यात घेत नाहीत.
रातराणी, आधी एक गंमत सांगतो. तुमचा गुरु चंद्रापासून सातवा, म्हणजे केंद्रात (पहिलं, चौथं, सातवं, दहावं यांपैकी स्थान). त्याला गजकेसरी हा शुभ योग म्हणतात. गुरुजींना विषयोग दिसला, दुसऱ्या कुणाला गजकेसरी दिसला असता आणि त्याने पेढे मागितले असते. पत्रिका तीच, चंद्रही तोच. म्हणून योगाचं नाव बाजूला ठेवा आणि कोण कुणाचा स्वामी आहे ते बघा.
मिथुन लग्नाला चंद्र धनेश, म्हणजे दुसऱ्या धनस्थानाचा स्वामी. शनि अष्टमेश (आठव्याचा स्वामी) आणि भाग्येश (नवव्याचा), पण त्याची मूलत्रिकोण रास (त्याच्या दोन राशींतली जास्त बळाची) कुंभ, ती नवमात पडते, म्हणून मी भाग्येशाला जास्त वजन देतो. धनेश-भाग्येश एकत्र आले की एरवी आपण धनयोग म्हणतो, नाही का? त्यात सप्तमात शनीला दिग्बल, म्हणजे स्थानाच्या दिशेमुळे येणारं बळ, मिळतं. आणि तिथून तिसऱ्या दृष्टीने तो स्वतःच्या कुंभ राशीकडे, म्हणजे तुमच्या भाग्यस्थानाकडेच बघतोय.
आता खटकणारी बाजू. चंद्राला शनि सम (ना मित्र ना शत्रू) आहे, पण शनीला चंद्र शत्रू. त्यामुळे या युतीत सोसायचं ते चंद्राने, म्हणजे मनाने. सप्तम म्हणजे जोडीदार हे खरं, पण चंद्र कारक मनाचा. माझ्या पाहण्यात ही युती घर मोडण्यापेक्षा झोप मोडते. काळजी, जबाबदारी लवकर अंगावर येणं, मनातलं न बोलणं. हे पटतंय का, प्रामाणिकपणे सांगा.

रातराणी
बाई गं. रात्री दोनदा उठून गॅसचं बटण बघून येते मी. नवरा म्हणतो, बटणाचा फोटो काढून उशाशी ठेव.

उत्तरेकडचा_वारा
माझा या सगळ्यावर विश्वास नाही, तरी एक हिशेब मांडतो. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो आणि सव्वासत्तावीस दिवसांत फेरी पुरी करतो. म्हणजे ही युती दर महिन्याला होतेच. त्या सव्वादोन दिवसांत जन्मलेल्या सगळ्यांचे संसार विषारी निघाले असते तर एव्हाना बोंब झाली असती.

चलित_कुंडली
वारेसाहेब, बरोबर आहे, म्हणूनच लग्नरास आणि अंश बघायचे. चार मिनिटांत लग्न सुमारे एक अंश सरकतं. जन्मवेळ तासाभराने चुकली तर युती धनूतच राहील, पण लग्न बदलून सप्तमातून उठून भलत्याच स्थानी जाऊ शकते. वेळ पक्की आहे ना?

रातराणी
दवाखान्याच्या कागदावर आहे, ११:५०.

जुनं_पंचांग
गुरूवर फार विसंबू नका. मिथुन लग्नाला गुरु सप्तम-दशमाचा स्वामी, केंद्राधिपती दोषाचा (शुभ ग्रह केंद्राचा स्वामी झाला की त्याचं शुभत्व कमी धरतात), वर बाधकेशही (अडथळे आणणारा स्वामी) तोच. पण तो लग्नात दिग्बली आहे, दृष्टी स्वराशीवर आहे आणि अंशांनी जवळजवळ समोरासमोर. आधार आहेच. नवमांश (प्रत्येक राशीचे नऊ भाग करून मांडलेली कुंडली) पाहिला का कुणी? शनि सिंहेत, चंद्र कन्येत. युती सुटते. विवाहाच्या प्रश्नात मी याला बरंच महत्त्व देतो.
एक विचारतो. गुरुजी कुठलं पंचांग वापरतात? टिळक पंचांगाचा अयनांश (राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा ते ठरवणारा आकडा) रैवत पक्षाचा, दाते चित्रा पक्षाचे. फरक सुमारे ४ अंशांचा. दोन्ही ग्रह सारखेच सरकतात म्हणून युती तशीच राहते, पण दशा (कुठल्या ग्रहाचा काळ कधी ते) हलते. तुमचा चंद्र पूर्वाषाढात, ते शुक्राचं नक्षत्र, १३ अंश २० कलांना २० वर्षं. ४ अंश म्हणजे ६ वर्षं! चित्रा पक्षाने तुमची चंद्राची महादशा २००९च्या मध्यापासून २०१९पर्यंत येते, रैवताने २००३ ते २०१३. लग्न कधी झालं?

रातराणी
डिसेंबर २०१७.

जुनं_पंचांग
म्हणजे चित्रा पक्षाने सप्तमातल्या चंद्राच्या महादशेत, आणि साडेसातीच्या मधल्या अडीच वर्षांत, शनि धनूत असताना. ज्या युतीने लग्न मोडायचं, तिच्याच काळात ते लागलंय. आता शांती कशाची करणार?

पंचमेश
ग्रहयुद्धाचं चुकलं माझं. पण सासूबाईंच्या समाधानासाठी सोमवारी शंकराला पाणी घालायला काय हरकत आहे? पैसे लागत नाहीत.

रातराणी
ते मी आधीपासून करते, त्यांना माहीत नाही इतकंच. काल नवमांश काढून त्यांच्यासमोर ठेवला. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "मुहूर्त दुसऱ्याकडून काढू. पण ते बटणाचं खरंय गं, मीसुद्धा उठून बघते."
आता त्यांची पत्रिका शोधतेय.